दादाची साक्ष

रविवारी सगळ्यांनी जेवायला यावं, असं वसुधाने स्वतः फोन करून सांगितलं, तेव्हाच कांचनला कळलं होतं की हे नुसतं जेवण नाही. वसुधा गेली पाच वर्षं ओहायोतल्या डब्लिन गावच्या या घरात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आपल्या दीपाला घेऊन राहत होती. आणि एवढ्या काळात तिने कधी कुणाला बोलावणं केलं नव्हतं. बोलावणी कांचन करायची, वसुधा पुऱ्या लाटायची.

सगळे म्हणजे फार कोणी नव्हते. कांचनचा नवरा हेमचंद्र, कोलंबसच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, वसुधाचा थोरला भाऊ. त्यांची मुलगी नीला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, पुढे लॉ स्कूललाच जायचं म्हणणारी. आणि श्रीरंगकाका. हेमचंद्र-वसुधाचे हे धाकटे काका, निवृत्त इंजिनियर. त्यांनीच एकोणीसशे सहासष्ट साली हेमचंद्रला या देशात आणलं होतं, आणि त्यांचा शब्द ओलांडायची घरात अजून कुणाला सवय नव्हती. दीपाला दुपारभर मैत्रिणीकडे पाठवलं होतं. तेही वसुधानेच ठरवलं होतं.

श्रीखंडाच्या वाट्या रिकाम्या झाल्यावर वसुधा वरून पिवळ्या पॅडची चार पानं घेऊन आली. तिने खुर्ची अशी ओढली की सगळे तिच्या उजव्या हाताला येतील. डाव्या कानाने तिला काहीच ऐकू येत नसे. घरातले सगळे सवयीने तिच्या उजवीकडे बसत, आणि तो कान कसा गेला याबद्दल कुणी बोलत नसे.

"शुक्रवारी मला भाषण करायचंय," ती म्हणाली. "जजांसमोर."

"कुठल्या जजांसमोर?" काकांनी विचारलं.

"राज्यभरातले चाळीसएक येणार आहेत. घटस्फोट, मुलांचा ताबा, मारहाण, अशा केसेस चालवणारे. माझी वकील होती ना जोअन फिशर, ती त्यांच्या कमिटीवर आहे. कोर्टात बाई आली की तिला कसं वागवलं जातं, मारहाणीच्या केसमध्ये जजांचं नेमकं कुठे चुकतं, हे त्यांना दोन दिवस शिकवणार आहेत."

"जजांना शिकवणार?" काका हसले. "आणि ते शिकून घेणार?"

"ते मला माहीत नाही. एक प्रोफेसर आहे, एक डॉक्टर आहे, स्वतः जज असलेल्या दोघी-तिघी आहेत. आणि वीस मिनिटं मी. जोअन म्हणते, आकडे ऐकून ते मान डोलावतात आणि विसरतात. त्यांच्यासमोर उभी राहिलेली बाई त्यांनी ऐकायला हवी." वसुधाने पानं सारखी केली. "यात तुम्ही सगळे आहात. म्हणून आधी तुम्हाला वाचून दाखवते."

हेमचंद्र म्हणाला, "वाच."

तिने इंग्रजीत वाचलं, नोकरीवर लॅबमध्ये ती रिपोर्ट वाचायची तसं, आवाज वर-खाली न करता.

तिने लिहिलं होतं की ऑगस्ट एक्याऐंशीत ती कोर्टात प्रोटेक्शन ऑर्डर मागायला गेली. ऑर्डर मिळाली असती, तर तिचा नवरा शैलेंद्र याला घराबाहेर राहावं लागलं असतं, ती आणि चार वर्षांची दीपा घरात राहिल्या असत्या. तिच्याआधी दोन बायकांचे अर्ज झाले, दोघी अमेरिकन. एकीला जजनी विचारलं, तू त्याला असं काय बोललीस की त्याचा हात उठला? दुसरीला म्हणाले, दोघं मिळून तुमच्या पाद्र्याला भेटा. मग तिचं नाव पुकारलं. नाव नीट उच्चारता येत नाही म्हणून जजनी माफी मागितली. लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं. तेवढंच. त्यानंतर त्यांनी मागच्या बाकावर सूट घालून बसलेल्या तिच्या भावाकडे पाहिलं. 'डॉक्टर, तुम्ही हिचे भाऊ. तुमचं काय मत आहे? हिला धोका आहे का?' भाऊ उभा राहून म्हणाला, 'त्यांचं थोडं ॲडजस्टमेंटचं चाललंय. आम्ही घरचे बघून घेऊ.' जज म्हणाले, असं घर पाठीशी असणं भाग्याचं आहे. अर्ज नामंजूर. सगळं मिळून सात मिनिटं लागली.

"'डिसेंबरात नवऱ्याने मला तळघराच्या जिन्यावरून ढकललं,'" वसुधा वाचत राहिली. "'खांद्याचं हाड जुळून आलं. डावा कान गेला. माझी मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. माझ्या भावाला काही माहीत नव्हतं. पण जजनी मला विचारलं असतं, तर त्याला माहीत असण्याची गरजही नव्हती.'"

तिने शेवटचं पान खाली ठेवलं.

कांचनने नवऱ्याकडे पाहिलं. हेमचंद्र टेबलक्लॉथवरचा पुरीचा एक कण बोटाने दाबत होता.

आधी बोलले ते काका. "वसू, तू सोसलंस त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हे नीट ऐक. ते चाळीस गोरे जज तुझं ऐकतील आणि काय म्हणतील? या इंडियन लोकांत असंच असतं. बायकांना मारतात, भाऊ नवऱ्याची बाजू घेतो. उद्या आपल्यातला कुणी त्यांच्यासमोर उभा राहिला की त्याच नजरेने बघतील. आपण मोजकी घरं आहोत इथे. नाव कमवायला आपल्याला वीस वर्षं लागली."

"आजोबा, दॅट्स नॉट फेअर," नीला म्हणाली. "नाव कुणी घालवलं? आत्याने?"

"तू थांब," काका म्हणाले, पण रागाने नाही.

वसुधा म्हणाली, "काका, हा विचार मी केलाय. बरेच दिवस केलाय. म्हणून तर त्या दोघी अमेरिकन बायकांचं आधी लिहिलंय. त्यांनाही नाहीच मिळाली ऑर्डर. मला नाकारताना जजनी आपल्या घरांचं कौतुक केलं, त्यांना नाकारताना एकीच्या तोंडाळपणाला दोष दिला, दुसरीला पाद्र्याकडे पाठवलं. कारणं निराळी, हुकूम एकच."

 काकांनी विचारलं, "आणि तो जज? तो येणार आहे?"

"यादीत नाव आहे. मी त्यांचं नाव घेणार नाही, काउंटीचंही नाही. जोअनला तसा शब्द दिलाय."

"मग हेमचंद्रचंच का घ्यायचं?"

"त्याचंही नाव नाही घेतलेलं. भाऊ म्हटलंय."

"तुला भाऊ किती आहेत? एकच. कोलंबसमधल्या निम्म्या डॉक्टरांना माहीत आहे तो." काका पुढे झुकले. "तो भाग काढ. 'घरातल्या एकाला विचारलं' एवढं म्हण. बाकी सगळं बोल, मी अडवत नाही."

"जज माझ्याशी न बोलता त्याच्याशी बोलले, हीच तर गोष्ट आहे. ती काढली तर माझ्याकडे सांगायला नुसता जिना उरतो. जिने त्यांनी पुष्कळ ऐकलेत."

हेमचंद्रने पहिल्यांदा मान वर केली. "मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं, वसू? मला एकदम उभं केलं त्यांनी. मी काही साक्षीदार नव्हतो."

"मी तुला दोष देत नाही, दादा. तसं लिहिलंय मी. तुला माहीत नव्हतं असं लिहिलंय."

"हो, पण ऐकणारा..."

"ते वाक्य काढ," कांचन म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. जेवण झाल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. काकांना वाटलं, चला, कांचन आपल्या बाजूला आली. नीलाच्या चेहऱ्यावर नाराजी उतरली.

"कुठलं वाक्य, वहिनी?" वसुधाने विचारलं. "दादा कोर्टात बोलला ते?"

"ते राहू दे. 'माझ्या भावाला काही माहीत नव्हतं', ते काढ."

हेमचंद्र हलक्या आवाजात म्हणाला, "कांचन."

पण कांचनला आता थांबता येण्यासारखं नव्हतं. पाच वर्षं तिने हे धरून ठेवलं होतं. मघाशी वसुधाने ते वाक्य वाचलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की शुक्रवारी हे खोटं चाळीस जजांसमोर बोललं जाईल, आणि बोलणारी ते खरं समजून बोलेल.

"कोर्टाच्या आदल्या दिवशी तू इकडे आली होतीस. दुपारी आंघोळ करून निघालीस आणि दाराशी केस पुसत उभी होतीस. मी टॉवेल द्यायला आले, तेव्हा तुझी पाठ पाहिली मी. पट्ट्याचे वळ होते, जुने आणि नवे. मी खाली येऊन यांना सांगितलं. हे चहा घेत होते. सगळं सांगितलं, किती वळ आणि कुठे ते."



"यू न्यू?" नीला वडिलांना म्हणाली. मग आईकडे वळून तिने मराठीत विचारलं, "आणि आई, तू पण होतीस ना कोर्टात? तू का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं नाही," कांचन म्हणाली. "आणि न विचारता बोलायची मला सवय नव्हती. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये, नीला. झालं ते सांगतेय."

वसुधाने चारही पानं गोळा केली, घडी घातली आणि मागच्या दाराने अंगणात निघून गेली.

*

हेमचंद्र दहा मिनिटांनी बाहेर आला. अंगणात मेपलची पानं पडून राहिली होती, आणि वसुधा कुंपणापाशी पाठमोरी उभी होती. तो तिच्या डाव्या बाजूने गेला, "वसू" म्हणाला, उत्तर आलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो वळसा घालून उजवीकडे गेला.

"अण्णांची तब्येत तेव्हा बरी नव्हती," त्याने वडिलांपासून सुरुवात केली. "तिकडे सांगलीला कळलं असतं तर..."

"अण्णांचं दुखणं पुढच्या वर्षीचं, दादा. एक्याऐंशीत ते रोज सकाळी फिरायला जात होते."

तो थांबला. खरंच तसं होतं. इतकी वर्षं त्याने ते दुखणं एक वर्ष आधी सरकवून ठेवलं होतं, आणि ते आपण सरकवलंय हेसुद्धा तो विसरून गेला होता.

"शैलेंद्रचं स्थळ मी आणलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"ते चुकलं असं चारचौघांत..." तो पुन्हा थांबला. हेही खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. वसुधा त्याच्याकडे बघत नव्हती, म्हणूनच बहुतेक त्याला पुढचं बोलता आलं.

"त्या जजने मला डॉक्टर म्हणून हाक मारली. तुला हसू येईल. पंधरा वर्षं झाली होती मला इथे येऊन. ऑपरेशनच्या आधी पेशंटकडे गेलो की ते विचारायचे, दुसरे कोणी डॉक्टर नाहीत का? रोज नाही, पण विचारायचे. आणि हा एवढा मोठा माणूस, उंच खुर्चीत बसलेला, भरल्या कोर्टात मला विचारतो, डॉक्टर, तुमचं काय मत आहे. मला बरं वाटलं, वसू. मी उभा राहिलो तेव्हा मला तो दिसत होता, तू दिसत नव्हतीस. त्याला कुठलं उत्तर हवंय ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी ते दिलं."

 शेजारच्या घरी कुणीतरी पानं ओढत होतं, त्याचा खरखर आवाज येत होता.

वसुधाला रडू येत नव्हतं, याचंच तिला नवल वाटत होतं. जिन्यावरून पडली तेव्हा हॉस्पिटलात शुद्धीवर येताना दादाचाच चेहरा तिने सगळ्यात आधी पाहिला होता. याच हातांनी तिची उशी सारखी केली होती. दीपाला शाळेत घालणं, लॅबमधली नोकरी, घटस्फोटाच्या तारखा, सगळीकडे दादा बरोबर आला. आणि प्रत्येक वेळी तिने मनाशी म्हटलं होतं, बिचारा, याला माहीत असतं तर याने असं होऊ दिलं नसतं.

"मी तुझ्या घरात पाच वर्षं राहिले," ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं म्हणून राहिले. माहीत असतं तर राहिले नसते. कुठे गेले असते ते नाही सांगता येत, पण इथे नसते."

"हो."

"तू मला सांगायला हवं होतंस."

"हो."

"नुसतं हो म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? सांगायला हवं होतं. रोज वाटायचं आज सांगू. मग तू लॅबमधून यायचीस, दीपा अभ्यास घेऊन बसायची, आणि घर असं चाललेलं असायचं की ते मोडायला नको वाटायचं." त्याने हात खिशात घातले. "तू शुक्रवारी जा. ते वाक्य बदल. जे आहे ते बोल. आणि... मी आलो तर चालेल?"

"कशाला?"

"माहीत नाही. तू माझ्याबद्दल बोलणार आणि मी ऑपरेशन थिएटरमध्ये असणार, हे बरोबर वाटत नाही."

वसुधाने घडी घातलेली पानं उघडली आणि पुन्हा मिटली. "मागच्या रांगेत बसायचं," ती म्हणाली. "मधे बोलायचं नाही."

ती दोघं घरात आली तेव्हा श्रीरंगकाका निघायच्या तयारीत दाराशी बूट चढवत होते. वाकल्या वाकल्याच त्यांनी विचारलं, "वसू, त्या दोन बायकांचं पुढे काय झालं? तुझ्याआधीच्या."

"माहीत नाही, काका. त्यांची नावंही लक्षात नाहीत माझ्या."

काकांनी नाडी बांधली, एकदा सुटली म्हणून पुन्हा बांधली. "मी येणार नाही शुक्रवारी," ते म्हणाले. "पण आपल्या मराठी मंडळात कुणी काही बोललं, तर त्याला माझ्याकडे पाठव."

*

हॉटेलच्या त्या हॉलमध्ये चाळीसएक जज होते. सकाळी एका प्रोफेसरबाईंनी पडद्यावर तक्ते दाखवले, तेव्हा निम्मे जण हाताची घडी घालून बसले होते आणि खिडकीजवळचा एकजण सरळ वर्तमानपत्र वाचत होता. कॉफीनंतर जोअन फिशरने वसुधाची ओळख करून दिली. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, एका मुलीची आई आहे, एवढीच.

हेमचंद्र मागच्या रांगेत नीलाच्या शेजारी बसला होता. कांचन नीलाच्या पलीकडे होती. रविवारपासून नवरा-बायको एकमेकांशी जेवणखाणापुरतंच बोलत होते.

तिसऱ्या रांगेतले पांढऱ्या केसांचे जज त्याने पाठमोरे ओळखले. एक्याऐंशीतले तेच जज, नाव व्हिटकॉम. मान एका बाजूला कलती ठेवायची त्यांची सवय तीच होती. वसुधा बोलायला उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, समोरच्या वहीवर तारीख लिहिली. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

वसुधाने पानं समोर ठेवली, पण त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही. दोन अमेरिकन बायकांचं सांगितलं. नाव उच्चारता न आल्याबद्दल मागितलेली माफी सांगितली. मग भावाला विचारलेला प्रश्न आणि भावाचं उत्तर. इथे जज व्हिटकॉमचं पेन थांबलं.

"माझ्या भावाला माहीत होतं," वसुधा म्हणाली. "हे मला या रविवारी कळलं. आदल्या दिवशीच त्याला माझ्या पाठीवरच्या वळांबद्दल सांगितलेलं होतं. तो वाईट माणूस नाही. पाच वर्षं त्याने मला आणि माझ्या मुलीला सांभाळलं. पण त्या दिवशी, ज्याला मार बसला नव्हता त्याला विचारलं गेलं, आणि त्याने विचारणाऱ्याला आवडेल असं उत्तर दिलं. जिला मार बसला होता ती पाच फुटांवर उभी होती."

तिने जिन्याचं सांगितलं, दोनच वाक्यांत. दीपा कुठे उभी होती ते सांगितलं. वर्तमानपत्रवाल्याने वर्तमानपत्र केव्हा खाली ठेवलं ते हेमचंद्रला कळलं नाही.

ती थांबल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. जोअन म्हणाली, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.  मग जज व्हिटकॉम उभे राहिले आणि सावकाश मागे वळले. त्यांची नजर रांगांवरून फिरत मागे आली आणि हेमचंद्रवर थांबली. त्याला त्यांनी लगेच ओळखलं.

"डॉक्टर," ते म्हणाले. "तुम्ही मला सांगितलं होतं की घरचे बघून घेतील."

हॉलमधल्या सगळ्या माना मागे वळल्या. जोअन काही बोलायला पुढे झाली, वसुधाने हाताने तिला थांबवलं. जजचं नाव कुणीच घेणार नव्हतं. ते त्यांनी स्वतःच उघड केलं होतं.

"हजारांवर केसेस चालवल्यात मी," जज म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण थोडा फाटला होता. "समोर एक शिकलेला, प्रतिष्ठित माणूस उभा राहून सांगतो की ती सुरक्षित आहे. मी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता का? तुम्हीच सांगा, डॉक्टर."

हेमचंद्र उभा राहिला. त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा भरल्या हॉलमध्ये, आणि पुन्हा समोरच्या चेहऱ्यावर हवं ते उत्तर लिहिलेलं. हो म्हटलं असतं, तुमचा दोष नाही, दोष माझा, तर सगळं तिथेच संपलं असतं. म्हातारे जज खाली बसले असते, आणि लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुकसुद्धा केलं असतं.

"मी खोटं बोललो, सर," तो म्हणाला. "ते माझं आहे, ते मी तुमच्यावर टाकत नाही. पण तुम्ही आजही मलाच विचारताय. ती तिकडे उभी आहे."

तो खाली बसला. नीलाने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण तिचा हात खुर्चीच्या हातावर त्याच्या हाताला लागून होता आणि तिने तो काढून घेतला नाही.

जज व्हिटकॉम तसेच उभे राहिले. मग पुढे वळले. वसुधाकडे ते कितीतरी वेळ बघत होते, पाच वर्षांपूर्वीचा तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत असावेत. तो त्यांना आठवला की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "मी काय विचारायला हवं होतं?"

वसुधाने उत्तर तयार केलेलं नव्हतं. तिने पानं बाजूला सारली.

"तुम्ही विचारलंत की मला धोका आहे का. ते फार मोठं आहे, सर. मलाही त्याचं उत्तर देता आलं नसतं. तुम्ही साधं विचारायचं. आज इथून बाहेर पडल्यावर तुम्ही कुठे जाणार? मी म्हटलं असतं, घरी. तिथे कोण आहे? तो आहे. मागच्या आठवड्यात तिथे काय झालं? मग मी सांगितलं असतं. आणि मी सांगत असताना माझ्या मागे कोण बसलंय तिकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं."

जज खाली बसले. ते लिहायला लागले, आणि त्यांच्या शेजारचेही. मग एका कोपऱ्यातून एका तरुण जजने हात वर केला आणि विचारलं, घरातले मागे बसलेले असताना बाई खरं सांगणार नाही असं वाटलं, तर त्यांना बाहेर काढलं तर चालेल का? त्यावर दुसऱ्याने कायद्याचा मुद्दा काढला, तिसऱ्याने त्याला तोडलं. पाऊण तास गेला. प्रश्न वसुधालाच विचारले जात होते, आणि नवीन कुणी बोलायला लागला की ती उजवा कान तिकडे वळवत होती.

जेवणाच्या सुट्टीत लॉबीत ती हेमचंद्रपाशी आली. कांचन आणि नीला कोट आणायला गेल्या होत्या.

"तू बोललास," ती म्हणाली. "मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं."

"विचारलं म्हणून."

"बरं बोललास." तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "दादा, मी अपार्टमेंट घेतलंय. लॅबजवळ. एक तारखेपासून."

 ती वस्ती कशी आहे, शाळा कुठली पडेल, हे सगळं हेमचंद्रच्या तोंडाशी आलं होतं. "रागावून चाललीस?" त्याने विचारलं.

"राग आहे. तो जाईल की नाही, माहीत नाही. पण त्यासाठी नाही चालले. कुणी मला विचारलं कुठे राहतेस, तर भावाकडे असं सांगायचं नाहीये मला आता."

लोक जेवायच्या खोलीकडे चालले होते. जोअनने लांबून वसुधाला हात केला.

"दीपाला सांगितलंस?" हेमचंद्रने विचारलं.

"काल तिला घेऊन बघून आले. खिडकीजवळची खोली तिने स्वतःला ठेवलीय," वसुधा म्हणाली. "मला दुसरी दिलीय."